ब्रोच उलटा करून पाहा

ऑक्टोबर २०१७मध्ये स्वीडनमधून एक बातमी सुटली आणि बघता बघता जगभर झाली: व्हायकिंगांच्या कपड्यांवर ‘अल्लाह’ विणलेलं सापडलं! स्वीडनमधल्या बिरका या व्हायकिंगकालीन गावातल्या थडग्यांत मिळालेल्या रेशीम-चांदीच्या पट्ट्यांवर उप्साला विद्यापीठात काम चालू होतं. त्यातल्या एका नक्षीत चौकोनी कुफी या अरबी लिपीतली अक्षरं दिसतात, असा दावा होता. मग व्हायकिंग मुसलमान होते की काय, इथपर्यंत चर्चेची मजल गेली. टेक्सास विद्यापीठातल्या इस्लामी कलेच्या इतिहासकार स्टेफनी मल्डर यांनी त्यावर दोन गोष्टी दाखवून दिल्या. एक म्हणजे चौकोनी कुफीची ती धाटणी प्रचारात आली ती आणखी चारपाच शतकांनी. दुसरी म्हणजे अक्षर पुरं व्हावं म्हणून पट्टीची नक्षी तिच्या खऱ्या कडेच्या पलीकडे, कागदावर, वाढवून धरली होती. खुलासा बातमीइतका पसरला नाही, ते ओघानंच आलं.

कपड्यांवरून माणसांची ओळख वाचायला बसलं की पहिला मोह नक्षीचाच होतो. पण नक्षीची साक्ष कच्ची. ती विकत मिळते, आंदण येते, लुटीत हाती लागते, आणि कोणीही तिची नक्कल करू शकतो. आठव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची तीनेकशे वर्षं स्कँडिनेव्हियातून निघून आइसलँड, इंग्लंड, आयर्लंड, ग्रीनलंड, रशियातल्या नद्यांचे काठ अशा ठिकाणी स्थायिक झालेल्या लोकांच्या, म्हणजे व्हायकिंगांच्या, वेशाबद्दल जे भरवशाचं कळलं आहे, त्यातलं पुष्कळसं दागिन्यांच्या मागच्या बाजूनं सांगितलं आहे. म्हणून संग्रहालयातल्या काचेमागची चमकदार दर्शनी बाजू क्षणभर विसरू आणि ब्रोच (कपडा अडकवायची दागिन्याची पिन) उलटा करू.

या काळातल्या स्कँडिनेव्हियन बाईच्या वेशाची खूण म्हणजे लंबगोल ब्रोचची जोडी. मंगळसूत्राच्या वाट्या असतात तशा या दोन पोकळ वाट्याच, फक्त आकारानं तळहाताएवढ्या. दहाव्या शतकातला सगळ्यात जास्त सापडणारा प्रकार साधारण ११ सेंटिमीटर लांब असतो आणि त्याला दोन कवचं असतात: खाली साधं आणि वर जाळीदार, रिव्हेटनं जडवलेलं. नॉर्वेच्या यान पेटर्सन यांनी १९२८मध्ये या ब्रोचची क्रमवारी लावली. त्या यादीतला ५१ क्रमांक तो हाच, आणि आजही अभ्यासक त्याला ‘पी ५१’ म्हणूनच ओळखतात. नवव्या शतकातला ‘पी ३७’ एकाच कवचाचा.

हे ब्रोच निव्वळ शोभेचे नव्हते, त्यांच्यावर कपडा लटकत असे. आत लिननचा लांब सदरा, त्यावर लोकरीचा किंवा लिननचा बिनबाह्यांचा झगा. झग्याच्या पाठीकडून दोन लांब बंद खांद्यावरून पुढे येतात, पुढच्या काठावर दोन आखूड बंद असतात. लांब बंदाचं टोक आणि आखूड बंदाचं टोक ब्रोचच्या पोकळीत एकाच उभ्या काट्यात ओवायचं, काटा मिटायचा, आणि दुसऱ्या खांद्याकडेही तेच. बंद जेमतेम अर्धा-एक सेंटिमीटर रुंद. ब्रोचला आणखी दोऱ्या बांधून मण्यांची माळ, सुरी, कात्री, सुयांची नळी लटकवत. इब्न फदलान हा बगदादच्या खलिफाचा दूत ९२२मध्ये व्होल्गाकाठी पोचला, तेव्हा तिथल्या रुस, म्हणजे स्कँडिनेव्हियाकडून आलेल्या, व्यापाऱ्यांच्या बायकांच्या दोन्ही स्तनांवर एकेक डबी आणि तिच्या कडीला सुरी अडकवलेली त्यानं पाहिली. डबी कोणत्या धातूची हे नवऱ्याच्या ऐपतीवर ठरतं, असंही तो लिहितो. उत्खननांतले ब्रोच मात्र बहुतेक तांब्याच्या मिश्रधातूचेच निघतात. तेव्हा ऐपतीचा भाग त्याच्या वर्णनातून जरा बेतानंच घ्यावा.

आता मुद्द्याचं. हजार वर्षं जमिनीत राहिलेला कपडा उरतो कसा? एरवी उरतच नाही. लोकर हे प्रथिन आहे, ते अल्कधर्मी मातीत विरघळतं. लिनन म्हणजे सेल्युलोज, ते आम्लधर्मी मातीत जातं. दोन्हीतून वाचलं तर बुरशी आणि जिवाणू टपलेलेच. पण ब्रोच ओल्या मातीत गंजू लागला की त्यातले तांब्याचे आयन आजूबाजूला झिरपतात. लोकरीच्या केराटिनमध्ये गंधकयुक्त सिस्टीन भरपूर असतं, तांबं त्याला घट्ट धरून बसतं. आणि तिथे येणाऱ्या जिवाणूंची, बुरशीची विकरं तांब्यामुळे निकामी होतात. परिणामी ब्रोचच्या पोकळीत आणि त्याच्या भोवती सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा एक टापू तयार होतो, जिथे कुजण्याची प्रक्रिया जवळपास थांबते. एरवी टिकला नसता असा लिननचा बंदही तिथे शिल्लक राहतो.

ब्रोचचा काटा मात्र बहुधा लोखंडी असतो आणि लोखंडाची तऱ्हा वेगळी. ते झपाट्यानं गंजतं आणि गंज फुगत फुगत धाग्याला वेढून टाकतो. आतला धागा पुढे कुजून जातो, पण गंजात त्याचा साचा राहतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पोकळ साच्याच्या भिंतीवर लोकरीच्या तंतूचे खवले उमटलेले दिसतात. धागा नाही, तरी तो लोकरीचा होता हे कळतं. म्हणजे एकाच ब्रोचखाली तांब्यानं राखलेला खरा कपडा आणि लोखंडानं घेतलेला कपड्याचा ठसा, दोन्ही मिळू शकतात.

(तांबं जंतू मारतं हे वाचून कोणाला व्हॉट्सॲपवरचा तांब्याच्या तांब्यातल्या पाण्याचा निरोप आठवला असेल. रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले काही जिवाणू मरतात, इतकं खरं. त्यापुढचं सांधेदुखी, थायरॉईड, वजन, ‘तीनही दोष’ हे सगळं त्या निरोपाचं स्वतःचं कर्तृत्व. आणि आंबट ताक किंवा लिंबूसरबत बिनकल्हईच्या तांब्यात ठेवू नये, हे आजीला आयन माहीत नसतानाही माहीत होतं.)

या टापूतलं वाचन करायचं ते थरांच्या क्रमानं. ब्रोचच्या पोकळीत अगदी तळाशी, अंगाच्या बाजूला, सदऱ्याचं कापड. त्यावर झग्याचा काठ आणि काट्याभोवती बंद. ब्रोचच्या दर्शनी भागावर कापडाचे ठसे असले तर ते वरून पांघरलेल्या शालीचे. थरांचा क्रम तोच कपडे चढवण्याचा क्रम. एकाच काट्यात चार बंद मिळाले तर एकावर एक दोन झगे होते, किंवा जुन्या बंदाशेजारी नवा शिवला होता. यालमार स्टोल्पे यांनी १८७०च्या दशकापासून बिरकाची अकराशेच्या आसपास थडगी खणली. त्यांतल्या कापडांचा आग्नेस गेयेर यांचा अभ्यास १९३८मध्ये छापून आला आणि अजूनही त्याच्यावाचून कोणाचं चालत नाही.

यात घात होतो तो साफसफाईत. एकोणिसाव्या शतकात ब्रोच खणून काढला की पहिलं काम घासून लखलखीत करायचं. कापडाचे तुकडे ‘माती’ म्हणून ब्रशबरोबर गेले. आजही शेतात धातुशोधक यंत्र घेऊन फिरणारा हौशी माणूस ब्रोच सापडताच नळाखाली धरतो. खरी रीत अशी: आतली माती काढायची नाही, पाणी लावायचं नाही, आजूबाजूच्या मातीच्या ढेकळासकट उचलून डब्यात ठेवायचं, आधी एक्स-रे किंवा सीटी स्कॅन, मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक थर.

आणि वाचन चोख झालं तरी त्याची हद्द लक्षात ठेवावी लागते. आपल्याला ठाऊक असतो तो खांद्याखालचा दोन तळहातांएवढा भाग. झगा अंगाभोवती गुंडाळून पुढे उघडा असे की नळीसारखा शिवलेला, यावर अनेक दशकं वाद चालला. हेडेबी बंदरातल्या चिखलात बेतून शिवलेल्या झग्याचा तुकडा निघाला, डेन्मार्कमधल्या कोस्ट्रुपच्या थडग्यात दोन ब्रोचच्या मधोमध बारीक चुण्या घातलेलं कापड निघालं, तेव्हा शिवलेल्या झग्याची बाजू भक्कम झाली. जत्रांमधून दिसणारे ‘अस्सल व्हायकिंग पोशाख’ कमरेखाली मात्र जवळजवळ पूर्णपणे तर्कावर उभे असतात.

पूर्व आइसलँडमध्ये केतिल्सस्तादिर इथे १९३८मध्ये रस्त्याचं काम करणाऱ्यांना एक थडगं लागलं. आत दहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमाराची तरुण बाई, लंबगोल ब्रोचची जोडी, एक त्रिदळी ब्रोच, आणि निळ्या लोकरीच्या झग्याचे तुकडे. एका ब्रोचला तिचा गाल टेकलेला होता, म्हणून गालाची कातडीसुद्धा टिकली. चमत्कार नव्हे, वर सांगितलेलं तांबंच. तिच्या दाताच्या तपासणीवरून ती आइसलँडमध्ये जन्मलेली नाही आणि पाच ते दहा वर्षांची असताना तिथे आली असावी, असं दिसतं. २०१५मध्ये आइसलँडच्या राष्ट्रीय संग्रहालयानं ‘निळ्या वस्त्रातली बाई’ म्हणून तिचं प्रदर्शन भरवलं.

दाताचं गणित थोडक्यात असं. खडकांत रुबिडियम-८७चं अतिशय संथपणे स्ट्रॉन्शियम-८७ होतं, त्यामुळे जुन्या खडकात स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ यांचं गुणोत्तर जास्त असतं. आइसलँडच्या कोवळ्या बेसॉल्टमध्ये ते ०.७०३च्या आसपास, समुद्राच्या पाण्यात ०.७०९२, नॉर्वेच्या प्राचीन ग्रॅनाइटच्या मुलखात त्याहून बरंच वर. दाताचं इनॅमल बालपणी तयार होतं आणि पुन्हा बदलत नाही, त्यामुळे त्या वेळच्या अन्नपाण्याचा आकडा त्यात गोठतो. भानगड एवढीच की समुद्राचे तुषार आणि मासे खाऊन किनाऱ्यावरच्या माणसाचा आकडा ०.७०९२कडे ओढला जातो. तेव्हा ‘इथला नाही’ हे छातीठोक सांगता येतं, ‘नेमका कुठला’ हे क्वचितच.

झग्याचा निळा रंग इंडिगोटिनचा, म्हणजे आपल्या नीळीतलाच रेणू. युरोपात तो वोड नावाच्या झुडपातून काढत. रेणू एकच असल्यानं केवळ त्याच्यावरून वनस्पती कोणती, हे प्रयोगशाळेला सांगता येत नाही.

आता ब्रोचच्या मागच्या बाजूची माझी लाडकी गोष्ट. अनेक लंबगोल ब्रोचच्या आतल्या पृष्ठभागावर, धातूतच, कापडाच्या विणीचा ठसा असतो. हा वेशातल्या कापडाचा ठसा नव्हे, तो ओतकामातून आलेला आहे.

कारण असं. वाटी पोकळ हवी आणि भिंत एक-दोन मिलिमीटर जाडीची, सगळीकडे सारखी. नाहीतर धातू वाया जातो आणि ब्रोच खांद्याला जड होतो. कारागीर आधी नमुना घेई आणि त्यावर बारीक वाळू मिसळलेली चिकणमाती थराथरानं दाबून बाहेरचा अर्धा साचा घेई. तो साचा निथळून घट्ट झाला की नमुना काढून आतल्या खोलगटात मेणात बुडवलेलं कापड अंथरायचं. कापडाची जाडी तीच होणाऱ्या धातूची जाडी. त्यावर पुन्हा माती दाबून आतला अर्धा साचा. मग दोन्ही भाग अलग करायचे, कापड सोलून काढायचं, आतल्या साच्यात काट्याच्या बिजागरीसाठी आणि अडकवणीसाठी खाचा कोरायच्या, दोन्ही भाग पुन्हा जुळवून बाहेरून मातीनं लिंपायचे आणि भाजायचे. कापडाच्या जागी आता पोकळी आहे, तिच्यात वितळलेला धातू ओतायचा आणि थंड झाल्यावर साचा फोडायचा. कापडाची वीण मातीनं उचललेली असते, मातीची धातू उचलतो. डेन्मार्कमधल्या रीबेच्या कारागीर वस्तीत अशा फुटलेल्या साच्यांचे तुकडे ढिगानं मिळाले आहेत.

बिघडायला जागा भरपूर. कापडाला सुरकुती पडली की तिथे भिंत जाड आणि शेजारी पातळ, आणि पातळ जागी धातू पोचण्याआधीच थिजून भोक राहतं. साचा नीट भाजला नाही तर आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो. बिजागरीच्या खाचा उथळ झाल्या तर काटा बसवायचे कान बारीक निघतात, आणि ब्रोच मोडतो तो बहुधा तिथेच. जुन्या ब्रोचवर दुरुस्तीच्या खुणा सापडतात त्याही बहुतेक काट्याच्याच आसपास.

धातूही बोलतो. पितळ करायचं तर जस्त ९०७ अंशांना उकळून उडून जातं आणि तांबं वितळतं १०८५ला. म्हणून जस्ताचं खनिज, कोळसा आणि तांब्याचे तुकडे बंद मुशीत एकत्र तापवून जस्ताची वाफ तांब्यात मुरवावी लागे. असं पितळ पुन्हा पुन्हा वितळवलं की दर वेळी थोडं जस्त उडतं, आणि मोडीतून कथील-शिसं मिसळत जातं. ताज्या कांड्यांचं पितळ आणि गावातली मोड यांतला फरक रासायनिक पृथक्करणात दिसतो.

हा सगळा खटाटोप इंग्लंडमध्ये कामी येतो. डेन्मार्क-नॉर्वेकडची ‘महासेना’ ८६५मध्ये उतरली. ८७६ ते ८८० या काळात तिनं नॉर्थंब्रिया, मर्सिया आणि ईस्ट अँग्लिया या इंग्लिश राज्यांतल्या जमिनी वाटून घेतल्या आणि माणसं तिथे नांदू लागली. पण लंबगोल ब्रोचची थडगी तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. यॉर्कशरमधल्या ॲडविक-ल-स्ट्रीटची बाई त्यांपैकी एक. तिच्या दोन ब्रोचची जोडी जुळतच नाही, दोन्ही वेगळ्या प्रकारचे आणि वापरून झिजलेले. दातावरून ती नॉर्वेतल्या ट्रोन्डहाइमकडची, किंवा कदाचित ईशान्य स्कॉटलंडची. मोडलेल्याच्या जागी तसाच दुसरा मिळत नव्हता, पण बंदाचा झगा तर अंगावर आहे आणि त्याला दोन ब्रोच लागतातच, असा याचा सरळ अर्थ लावता येतो.

मग स्थायिक झालेल्या बाकीच्या बायका कुठे गेल्या? थडग्यांत नाहीत म्हणून अनेक वर्षं मानलं गेलं की सेना पुरुषांची होती आणि बायका स्थानिकच. शेतांमधून धातुशोधक यंत्रांनी निघालेल्या वस्तूंची १९९७पासून इंग्लंडमध्ये पद्धतशीर नोंद होऊ लागली आणि चित्र पालटलं. पुरातत्त्वज्ञ जेन कर्शॉ यांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्कँडिनेव्हियन वळणाचे पाचशेहून अधिक ब्रोच आणि लटकनं आहेत. बहुतेक लहान, तबकडीच्या आकाराचे, शाल गळ्याशी अडकवण्याचे. आता यातले आणलेले कोणते आणि इथेच घडवलेले कोणते?

दर्शनी बाजूला दोन्हींवर तीच बोर्रे या स्कँडिनेव्हियन नक्षीशैलीतली गाठ किंवा मागे वळून बघणारा तोच प्राणी. उलटा करा. स्कँडिनेव्हियन तबकडी फुगीर, मागून खोलगट असते. काट्यासाठी दोन समांतर कान, त्यांतून आरपार दांडी. शिवाय पुष्कळदा तिसरी एक कडी, साखळी लटकवायला. अँग्लो-सॅक्सन, म्हणजे स्थानिक इंग्लिश, कारागिराची तबकडी सपाट. कान एकच, त्याला भोक आणि त्यात काटा वळवलेला. साखळीची कडी नाही, कारण इंग्लिश वेशात तिथून साखळी लोंबतच नसे. आणि ईस्ट अँग्लियात, मुख्यतः नॉरफकमध्ये, ढिगानं सापडतात त्या तबकड्यांवर पुढून बोर्रेची गाठ आणि मागून सपाट पाठ, एकच कान.

याचं कारण तंत्रात आहे. पुढची नक्षी उचलायला समोर एक ब्रोच असला की पुरे, ओल्या मातीत दाबला की ठसा तयार. मात्र माती सुकताना आणि भाजताना आकसते, त्यामुळे नकलेची नक्कल करत गेलं की ब्रोच लहान आणि नक्षी बोथट होत जाते. मागचे कान या ठशात येत नाहीत. ते दर वेळी नव्यानं घडवावे लागतात, आणि तिथे कारागिराचा हात आपल्या गुरूनं शिकवलं तसाच चालतो. म्हणजे पुढची बाजू गिऱ्हाइकाच्या पसंतीची आणि मागची बाजू कारागिराच्या तालमीची. पुढून स्कँडिनेव्हियन आणि मागून इंग्लिश ब्रोचचा अर्थ: इंग्लिश तालमीतला कारागीर, पण ‘तिकडच्यासारखं’ हवं म्हणणारं गिऱ्हाईक मुबलक. हे गिऱ्हाईक डेन्मार्कहून आलेली बाई होती, तिची इथे जन्मलेली लेक होती, की चालू फॅशन पकडणारी इंग्लिश शेजारीण, हे ब्रोच सांगत नाही. तो शेतात एकटा सापडलेला असतो, सोबत दात नसतो.

इथे आणखी एक सावधगिरी. नकाशावर नॉरफक ठिपक्यांनी भरलेलं दिसतं ते तिथे वस्ती दाट होती म्हणूनच असं नव्हे. तिथल्या पुरातत्त्वज्ञांनी १९७०च्या दशकापासूनच यंत्रवाल्या हौशी लोकांशी जमवून घेतलं आणि नोंदी ठेवल्या. जिथे नांगरट कमी, कुरणं जास्त, तिथे ठिपके विरळच येणार.

वेशाची देवाणघेवाण उलट दिशेनंही झाली. आयर्लंडमध्ये शाल अडकवायला डोक्याला कडी असलेली लांब टाचणी वापरत. डब्लिनमध्ये वसलेल्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियन, लोकांनी ती उचलली आणि पश्चिमेकडे नेली. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या लान्स-ओ-मेडोज इथल्या नॉर्स वस्तीत १९६८मध्ये तशीच एक ब्राँझची टाचणी निघाली. तिथली झाडं १०२१मध्ये तोडली गेली, हे लाकडाच्या वर्तुळांवरून ठरलं आहे. अमेरिकेत पोचलेल्या व्हायकिंगाची शाल आयरिश घाटाच्या टाचणीनं मिटलेली होती, आणि ‘शुद्ध नॉर्डिक’ रक्ताच्या गप्पा मारणाऱ्या मंडळींनी ही टाचणी जरूर पाहावी.

इसवी सन १०००च्या सुमारास आइसलँडनं ख्रिस्ती धर्म घेतला, थडग्यांत वस्तू ठेवणं थांबलं आणि ब्रोचचा पुरावा आटला. त्यानंतर वाचायला उरतात उकिरड्यांतल्या चिंध्या. पुरातत्त्वज्ञ मिशेल हेयूर स्मिथ यांनी अशा चिंध्यांमधल्या सुताचा पीळ तपासला. चाती एका दिशेनं फिरवली तर सुतावरचे तिरके पेड इंग्रजी झेडच्या मधल्या रेघेसारखे दिसतात, उलट फिरवली तर एसच्या. सुरुवातीच्या आइसलँडमध्ये ताणा आणि बाणा दोन्ही झेड पिळाचे असलेली कापडं बरीच आहेत, नॉर्वेसारखीच. अकराव्या शतकापासून मात्र ताणा झेड आणि बाणा एस हा एकच प्रकार जवळपास सगळीकडे दिसतो, आणि पुढे कायद्यानं लांबी-रुंदी ठरवून चलन म्हणून वापरलेलं ‘वाद्माल’ कापड याच विणीचं. हा बदल का झाला, यावर मतभेद आहेत. विरुद्ध पिळाचं सूत लोकर आटवताना एकमेकांत जास्त बसतं आणि कापड घट्ट होतं, हे एक कारण पुढे केलं जातं. सूत कातणाऱ्या हातांमध्ये ब्रिटिश बेटांतून आलेल्या बायका किती होत्या, हा दुसरा धागा. आजच्या आइसलँडवासीयांच्या मातृवंशाच्या डीएनएमध्ये त्या बेटांचा वाटा निम्म्याहून जास्त निघतो, म्हणून तोही सहजासहजी सोडून देता येत नाही.